चिकट रबरावरील मरोळची मोहीम

श्री रवळनाथ समर्थ. श्री एकवीरा माउली समर्थ.

वाचक मंडळींस अखंड आरोग्य असो. लिहिण्यास कारण ऐसे जे, या भूमीवर लढाया पुष्कळ जाहल्या आणि त्यांच्या हकिकती जाणत्यांनी लिहोन ठेविल्या. परंतु मरोळ परगण्यात, स्वयंभू सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका काळ्या वाद्ययंत्राच्या अंगावरील चिकट रबरासी जो युद्धप्रसंग जाहला, त्याची दाद अद्याप कोणी घेतली नाही, म्हणोन आम्ही लेखणी हाती धरिली. यात पदरचे काही घातले नाही. जैसे घडले तैसे लिहिले, आणि जेथे माणसे बोलली तेथे त्यांच्याच तोंडचे शब्द ठेविले, कारण मरोळची माणसे दरबारी भाषेत बोलत नाहीत, आणि बोलू लागली तर त्यांस रिक्षा मिळणार नाही.

त्या समयी त्या मजल्यावर घाडी घराण्याचा अंमल होता. घराणे मूळचे कोकणातले, कणकवलीकडचे. थोरले घाडी परळास गिरणीत कामाला होते, आणि गिरणी बंद जाहली तेव्हा ते कबिला घेवोन मरोळास आले आणि पुढे येथेच कैलासवासी जाहले. त्यांचे पुत्र राजश्री बाळाराव हे घराण्याचे प्रमुख म्हणविले जात. म्हणविले जात ऐसे लिहावे लागते, कारण खरा शिक्का त्यांच्या मातोश्री सुगंधाबाई यांचा चाले, आणि दूध किती घ्यावे येथपासून गावचा कोणता पाहुणा किती दिवस ठेवावा येथपर्यंत सर्व फर्माने त्यांच्याच मुखातून सुटत. बाळाराव विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यांच्या देखरेखीस होते, आणि नित्य हजारो पेट्या नजरेखालोन जात असल्याने जगातील कोणतीही पेटी आपण वठणीवर आणू ऐसा त्यांचा दृढ समज होता.

त्यांच्या पत्नी नलिनीबाई. या मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत, औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात माल रवाना करण्याचे काम पाहत, आणि स्वभावे मितभाषी. परंतु लग्नापूर्वी यांचा वाजविता हात फार गाजलेला होता. सांताक्रूझास कॉलेजात असता त्यांची गाठ खारदांड्याच्या मंजुळा कोळी हिच्यासी पडली, आणि दोघींनी मिळोन जलपरी बेंजो पार्टी या नावे एक फौज उभारिली. लग्ने, हळदी आणि गणपती यांत वाजविणारे ताफे मुंबईत उदंड. परंतु ही फौज सर्वस्वी बायकांची, आणि मंजुळा गाई आणि नलिनीबाई रिदम मशीन वाजवीत, आणि घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत जेथे स्वारी जाई तेथे पुरुषांचे ताफे आधी हसत आणि मग आपल्या वायरी गुंडाळू लागत.

आता ते यंत्र कैसे होते ते लिहितो. काळी चौकोनी पेटी, जेवणाच्या पाटाएवढी. वरते बोटांनी ठोकावयाच्या गाद्या रांगेने मांडलेल्या, एकीत ढोल, एकीत ताशा, एकीत संबळ. त्यांखाली बटणांची पलटण, आणि बाजूस आवाज कमीजास्त करावयाच्या फिरत्या खुंट्या. प्रत्येक बटणाखाली त्याचे नाव पांढऱ्या बारीक अक्षरांत छापलेले. आणि कोण्या विलायती कारखानदारास काय बुद्धी जाहली न कळे, त्याने सर्वांगास मऊ रबराचा लेप दिला होता, तो नवा असता मांजराच्या पाठीसारखा हातास लागे. पुढे नलिनीबाईंचे लग्न जाहले, जलपरी पार्टी मोडली, यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधोन माळ्यावर चढविले, आणि पंधरा वर्षे त्याचे नाव कोणी काढिले नाही.

ऐसे असता एके दिवशी खारदांड्याहून मंजुळाबाईंचा फोन आला की लेक निशा हिचे लग्न ठरले, रविवारी सायंकाळी हळद आहे. आणि पुढे म्हणाल्या, “हळदीला डीजे नाय आणायचा मना. तू वाजवायचंस, मी गाणार. तू नाय बोललीस तं मी बी गप बसून ऱ्हाणार.”

नलिनीबाई “बघते” म्हणाल्या. मुंबईत या शब्दाचा अर्थ बहुतकरून नाही ऐसाच होतो. परंतु बाळाराव शेजारी चहा घेत बसले होते, त्यांस तो अर्थ पोहोचला नाही, आणि त्यांनी त्याच बैठकीत यंत्र माळ्यावरून उतरविण्याचा हुकूम स्वतःसच दिला.

शनिवारी सर्वांस सुट्टी होती. सकाळी नाश्ता आटोपोन बाळाराव स्टुलावर चढले आणि पिशवीस हात घातला, तो पिशवी निघेना. ओढिली तर पेटीसकट येई. मग खाली आणोन कात्रीने कापू लागले, तेव्हा कळाले की पिशवी पेटीच्या कातड्यास चिकटली आहे, आणि पिशवीच्या आत घातलेले वर्तमानपत्र तर इतके चिकटले की ते सोलता सोलता बोरिवलीच्या कोण्या इमारतीची जाहिरात उलट्या अक्षरांत पेटीच्या पाठीवर छापोन राहिली. बाळारावांनी पेटी दोन्ही हातांनी धरिली आणि मग सोडू म्हणाले, तो पेटी सोडीना. पंधरा वर्षांची दमट हवा खावोन रबराचा लेप सडला होता आणि काकवीसारखा चिकट जाहला होता, आणि जे शिवेल त्यास धरोन ठेवीत होता.

नलिनीबाईंनी लांबोन वायर जोडिली आणि कळ दाबिली. दिवे लागले. म्हणजे आतील जीव शाबूत, केवळ कातडे गेलेले. हे पाहोन बाळारावांस आनंद जाहला आणि नलिनीबाईंच्या मुखावर तो तितकासा उमटला नाही, परंतु त्या समयी युद्धाच्या गडबडीत हे कोणाच्या ध्यानी आले नाही. एकट्या सुगंधाबाईंच्या आले.

मग मसलत बसली. सुगंधाबाईंनी एक बोट लावोन पाहिले आणि फर्माविले की हा फणसाचा चीक आहे, दुसरे काही नाही, आणि चिकास खोबरेल हाच उपाय, गावी जन्मभर फणस कापले आहेत. त्यावर वाद संभवत नव्हता. बाळारावांनी खोबरेलाची बाटली आणिली आणि पेटीस तेल चोळिले. तेल चोळता रबर किंचित हलले, परंतु हटले नाही, उलट तेलासी तह करोन बसले. आणि आता पेटी चिकट होतीच, वरून निसरडीही जाहली, आणि एकदा तर हातातून सुटोन सोफ्यावर पडली आणि सोफ्याचे आच्छादन अंगावर ओढोन घेवोन बसली. सुगंधाबाई म्हणाल्या की गावचे तेल असते तर गेले असते, बाजारच्या तेलात दम नाही. आणि पहिली मसलत येथे आटोपली.

दुसरी मसलत बाळारावांची. त्यांनी ऐसा विचार केला की चिकटपणा काढता येत नसेल तर झाकावा, आणि टाल्कम पावडरीचा डबा पेटीवर रिता केला. घरभर सुगंध पसरला, आणि पेटी आपादमस्तक पांढरी जाहली, जैसे रव्यात घोळोन तव्यावर सोडावयास ठेविलेले बोंबील. हातास लागेनाशी जाहली हे खरे. परंतु नलिनीबाईंनी एका गादीवर बोट ठोकिले तो पावडरीचा ऐसा ढग उठिला की तिघेही शिंकू लागले, आणि वधूच्या अंगास हळद लागावयाची तेथे पाहुण्यांच्या अंगास पावडर लागेल, हे बाळारावांसही दिसोन आले.

मग त्यांनी बोरिवलीस आपले चुलत बंधू निलेशराव यांजकडे फोनावरून कुमक मागितली. निलेशरावांस कोणत्याही विषयात माहिती नाही ऐसे कधी जाहले नाही. त्यांनी कळविले की नेलपॉलिश काढावयाचे औषध लावावे, क्षणात साफ. घरात ती बाटली होती. बाळारावांनी कापूस भिजविला आणि पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर घासला, आणि खरोखरच रबर क्षणात गेले. परंतु त्या औषधास रबर आणि प्लास्टिक यांतील भेद कळत नव्हता. रबर संपले तरी ते थांबेना, खालील प्लास्टिकही खाऊ लागले, आणि कोपरा मऊ पडोन त्यावर पांढरा वण उमटला, आणि कापसाचे तंतू त्यात रुतोन बसले. हे पाहोन नलिनीबाईंनी पतीच्या हातातील कापूस काढोन घेतला.

“बाळा, बास आता. वाट लावशील सगळ्याची,” त्या म्हणाल्या.

बाळाराव खजील होवोन मोरीपाशी हात धुवावयास गेले. हाती तेल, पावडर आणि रबर ऐसा त्रिविध चिखल बैसला होता, साबणास दाद देत नव्हता. तेथे मोरीखाली सॅनिटायझरचा एक मोठा कॅन उभा होता. टाळेबंदीच्या काळात बाळारावांनी तो आणिला होता आणि त्यावरून आजवर घरात त्यांची पुष्कळ थट्टा जाहली होती, की जगाची साथ सरली तरी बाळाचा साठा सरेना. दुसरे काही सुचेना म्हणोन त्यांनी तो हातावर ओतला, आणि जुन्या बनियनाने पुसला, आणि पाहतात तो हात स्वच्छ. तेल नाही, पावडर नाही, आणि रबर तर बनियनावर काजळीसारखे उतरलेले.

बाळाराव क्षणभर हात पाहत उभे राहिले. मग कॅन उचलोन आले आणि पेटीच्या पाठीवर, जेथे बोरिवलीची इमारत उलटी उभी होती तेथे, ओला बनियन फिरविला. थोडा वेळ थांबले, पुन्हा फिरविला. इमारत गेली, तिच्यामागोमाग रबरही सुटोन वळ्या वळ्या होवोन निघाले, आणि खालोन कोरडे, राखाडी, कठीण प्लास्टिक दिसू लागले. बोट लावोन पाहिले, चिकटले नाही. नख लावोन पाहिले, वण उठला नाही. त्यातील मद्यार्क रबरास सोडवितो आणि प्लास्टिकास दुखवीत नाही, हे गुपित ऐसे उघड जाहले, आणि बाळाराव म्हणाले, “आई, तो कॅन आठवतोय ना, ज्याच्यावरनं तुम्ही सगळे मला हसायचात?” सुगंधाबाईंनी आठवत नाही ऐसे सांगितले.

मग खरी मोहीम सुरू जाहली. खिडक्या सताड उघडल्या, गॅस बंद केला, आणि मद्यार्क आगीस बोलावितो म्हणोन संध्याकाळचा देवाचा दिवा घर वाऱ्याने निवळेपर्यंत लांबणीवर टाकण्याची परवानगी सुगंधाबाईंनी देवास विचारोन दिली. वायर काढिली. खुंट्या उपटोन वाटीत भिजत घातल्या. पेटीच्या आत ओल शिरू नये म्हणोन कापड पिळोन घ्यावे, ओतू नये, ऐसा हुकूम नलिनीबाईंनी दिला. पाठ सर जाहली, मग दोन्ही बगला, मग कडा आणि कोपरे; तेथे रबर दबा धरोन बैसले होते, ते दात घासावयाच्या जुन्या ब्रशाने हुसकोन बाहेर काढिले. दुपारपर्यंत कॅन रिता जाहला. तेव्हा बाळाराव खासा स्वारी करोन नाक्यावरील औषधवाल्याकडोन सर्जिकल स्पिरिटच्या बाटल्या घेवोन आले, आणि कोणास लागले ऐसे त्याने विचारिता मशीनला, ऐसे उत्तर देवोन परतले.

राहिले तोंड, म्हणजे वरची बाजू. तेथे गाद्या आणि बटणे. गाद्या वेगळ्या जातीच्या रबराच्या, त्यांस काही जाहले नव्हते. परंतु त्यांभोवतीचा लेप सडलेलाच. बाळारावांनी उत्साहाने पहिल्या रांगेवर कापड फिरविले आणि एकाएकी हात आखडला. कापडावर काळ्यात पांढरे कण दिसले. बटणांची नावे प्लास्टिकावर छापलेली नव्हती, रबरावर छापली होती, आणि रबर निघाले तैसी तीही निघाली. पहिली रांग साफ जाहली होती आणि निनावी जाहली होती.

“नलू,” बाळाराव म्हणाले, “अक्षरं चाललीत.”

हा पेच मोठा कठीण पडला. रबर ठेवावे तर अक्षरे राहतात, परंतु बोट टेकले की चिकटते आणि ताल धरवत नाही. रबर काढावे तर बोट मोकळे, परंतु कोणते बटण गाणे सुरू करते आणि कोणते बंद पाडते, हे सांगावयास काही उरत नाही. बाळारावांनी फोटो काढोन कागदाच्या चिठ्ठ्या चिकटविण्याची तजवीज सुचविली. परंतु नलिनीबाईंनी कापड खाली ठेविले आणि म्हणाल्या, “राहू दे मग. मंजूला सांगते, डीजे बोलव. आपण केलं ना जमेल तेवढं.” आणि हे म्हणताना त्यांचा स्वर हलका जाहला, जैसे कोणी खांद्यावरचे ओझे उतरविले.

सुगंधाबाई दारापाशी लसूण सोलीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मशीन खराब झाला म्हणान तुका बरा वाटला,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून बघतंय मी. खरा सांग.”

नलिनीबाई हात पुसोन भुईवर बसल्या. मग त्यांनी जे सांगितले ते त्या घरात आजवर कोणी ऐकले नव्हते. जलपरी पार्टीची शेवटची स्वारी मुलुंडास, एका गणपतीपुढे. मैदान भरलेले, मंजुळा गाण्याच्या ऐन रंगात, आणि नलिनीबाईंचे बोट चुकोन भलत्याच बटणावर पडले, त्यासरसा चालू असलेला ठेका बंद पडला. सर्व मैदान शांत. मंजुळा एकटी गात राहिली आणि मग तीही थांबली. नलिनीबाईंस पुढचे बटण सापडेना. हात गोठले, अक्षरे वाचू जाता डोळ्यांपुढे नाचू लागली, आणि लोक आधी हसले आणि मग शिट्ट्या वाजवू लागले आणि दुसऱ्या ताफ्याचे नाव घेवोन ओरडू लागले. मंजुळाने एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु नलिनीबाई त्या दिवशी पेटी घेवोन घरी आल्या, आणि पुढे लग्न ठरले तेव्हा सोडावयास कारण आयते मिळाले.

बाळाराव हे ऐकोन थक्क जाहले. घरच्या आणि नोकरीच्या धबडग्यात हिचे वाजविणे सुटले, ऐसेच ते इतकी वर्षे धरोन चालले होते, आणि मनातल्या मनात त्याचा थोडा दोष आपणांकडे घेत होते.

“मला कधी बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“तू कधी विचारलंस?” नलिनीबाई म्हणाल्या. हे शब्द रागाचे नव्हते, परंतु वर्मी लागले, आणि बाळाराव बनियनाची घडी घालू लागले, जी घालण्याचे काही कारण नव्हते.

मग नलिनीबाई सासूकडे वळल्या. “पुन्हा तसं झालं तर, आई? निशाच्या हळदीत, सगळ्या दांड्यासमोर?”

“झाला तर झाला,” सुगंधाबाई म्हणाल्या. “थंय तुका कोण फाशी देतलो?”

हे फर्मान देवोन त्या लसूण घेवोन आत गेल्या. मग नलिनीबाईंनी पतीच्या हातातील बनियनाची घडी मोडिली, त्यावर स्पिरिट घेतले, आणि दुसऱ्या रांगेची अक्षरे स्वतःच्या हाताने पुसोन काढिली, आणि तिसऱ्या रांगेची काढिली, आणि जेथे एखादे अक्षर अर्धे अडकोन राहिले तेथे ब्रश चालविला, आणि शेवटी पेटीवर एकही नाव उरले नाही. कोरड्या कापडाने पेटी पुसली. ती आता काळी नव्हती, मळकट राखाडी होती, डाव्या कोपऱ्यास वण होता, आणि दिसण्यात काही शोभा राहिली नव्हती.

वायर जोडिली. नलिनीबाई मांडी घालोन बसल्या आणि बोटे बटणांवर ठेविली आणि खाली न पाहता भिंतीवरील घड्याळाकडे पाहत राहिल्या. पहिले बटण चुकले. दुसरेही चुकले आणि भलताच भांगडा वाजला. मग बोटे जरा डावीकडे सरकली आणि एकाएकी कोळी ताल सुरू जाहला, आणि ढोल आला, आणि संबळ आला, आणि बोटांस जे ठावके होते ते त्यांनी एकेक करोन काढोन दिले. डोके विसरले होते तेही बोटे विसरली नव्हती. मध्येच चुकत, पुन्हा धरत, त्या बराच वेळ वाजवीत राहिल्या. बाळाराव एका कोपऱ्यात बसोन खुंट्या पुसोन एकेक जागी बसवीत होते, आणि लग्नाला पंधरा वर्षे होवोन बायकोस वाजविताना आपण प्रथमच पाहतो आहो, हे त्यांच्या ध्यानी आले.

दुसरे दिवशी सायंकाळी फौज खारदांड्यास दाखल जाहली. मंजुळाबाईंच्या दारापुढील वलांडीवरचे सुकत घातलेले बोंबील उतरवोन मांडवास जागा केली होती, तरी त्यांचा वास मांडवात आधीच हजर होता. मंजुळाबाईंचे यजमान चंदूशेट यांनी स्पीकर जोडोन दिले. मंजुळाबाई पुढे आल्या, मैत्रिणीस आपादमस्तक न्याहाळिले, मग यंत्रास न्याहाळिले, आणि विचारिले की हे तेच का, काळे होते ना. नलिनीबाईंनी सांगितले की तेच आहे, कपडे काढिले आहेत. मंजुळाबाई पोट धरोन हसल्या.

निशा पाटावर बसली, हळद लागली, आणि गाणे उठिले. पहिले गाणे निर्वेध पार पडिले. बायका नाचू लागल्या, म्हाताऱ्या कोळणी खुर्च्या सोडोन उभ्या राहिल्या, आणि बाळाराव स्पीकरपाशी उभे राहोन जणू सर्व ताल आपणच वाजवीत आहो ऐसी मान हालवीत होते.

दुसऱ्या गाण्यात, ऐन रंगात, जे व्हावयाचे तेच जाहले. नलिनीबाईंचे बोट निसटले आणि बंद करावयाच्या बटणावर पडले. ठेका तुटला. मांडव शांत. बाळारावांची मान जागीच थांबली. मंजुळाबाईंनी गाता गाता मागे वळोन पाहिले, परंतु गाणे सोडिले नाही.

नलिनीबाईंनी यंत्राकडे पाहिले. वाचावयास तेथे काहीच नव्हते. मग त्यांनी बटणांचा नाद सोडिला आणि दोन्ही हात थेट गाद्यांवर टाकिले, आणि बंद पडलेला ठेका हातांनीच वाजवू लागल्या, आधी नुसता ढोल, मग त्यात ताशा, आणि मंजुळाबाईंचा आवाज त्या ढोलावर ऐसा चढिला की बायकांनी टाळ्यांनी साथ धरिली आणि मांडव पूर्वीहून दुपटीने नाचू लागला. दोन कडवी ऐसीच हातावर गेली. मग नलिनीबाईंनी सवडीने बटण शोधोन ठेका पुन्हा सुरू केला, तोवर तो थांबला होता हेही लोक विसरले होते.

गाणी आटोपल्यावर मंजुळाबाई घाम पुशीत जवळ येवोन बसल्या आणि विचारू लागल्या, “मधी थांबवलंस ते आधी ठरवलं होतंस का गो?”

“नाही. चुकले,” नलिनीबाई म्हणाल्या.

“मंग लग्नात बी तशीच चूक,” मंजुळाबाई म्हणाल्या, आणि ताटात आणखी एक भाकर वाढिली.

आता या मोहिमेची फत्ते नेमकी कोणत्या क्षणी जाहली, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. बाळाराव म्हणतात की सॅनिटायझरचा कॅन मोरीखालोन निघाला तेव्हाच निकाल लागला होता. मंजुळाबाई हळदीचा मांडव धरितात. निलेशराव बोरिवलीस सर्वांस सांगतात की उपाय मुळात त्यांनीच कळविला. आम्ही सर्व पक्ष ऐकोन आणि जागेवर चौकशी करोन येथे जे नमूद करितो तेच प्रमाण मानावे.

त्या पुढील शनिवारी, भर दुपारी, नलिनीबाई जलपरी पार्टीच्या जुन्या गाण्यांचा सराव करीत बसल्या होत्या. खालच्या मजल्यावर क्षमाताई म्हणोन बाई राहत, त्यांची दुपारची झोप सोसायटीत प्रसिद्ध होती. त्या वर आल्या आणि बेल वाजविली, आणि दार सुगंधाबाईंनी उघडिले. क्षमाताईंनी आवाजाविषयी बोलावयास तोंड उघडिले. ही सासू घरातील गोंगाट कधी खपवोन घेत नाही, टीव्हीचा आवाजसुद्धा ठरल्या रेषेपुढे जावो देत नाही, हे सर्व मजले जाणत होते, म्हणोन त्यांस आपली फिर्याद मान्य होणार याविषयी शंका नव्हती. आत नलिनीबाईंचे हात थांबले.

“सून वाजवता माजी,” सुगंधाबाई म्हणाल्या. “ऐकूचा असात तर भुतूर ये. नायतर खाली जावन झोप.”

क्षमाताई उंबऱ्यात चपला काढोन आत आल्या आणि सोफ्यावर बसल्या, आणि आत ढोल पुन्हा सुरू जाहला. त्याच क्षणी रबराचा पुरा मोड होवोन मोहीम फत्ते जाहली ऐसे या बखरीत नमूद केले असे.